दोन केसिंगमधला दाब : खंभातच्या खोऱ्यातील एका वायुविहिरीची रेझिनने केलेली दुरुस्ती

खंभातच्या खोऱ्यात १९५८ मध्ये लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले. त्यानंतर या पट्ट्यात खोदल्या गेलेल्या विहिरींपैकी अनेकींनी आता चाळिशी ओलांडली आहे. त्यांच्यातील पोलादाचे आणि सिमेंटचेही वय तेवढेच झाले आहे. या प्रकरणातील विहीर त्याच खोऱ्यातली, जमिनीवरची आणि वायू देणारी आहे. तिच्या दुरुस्तीचा आराखडा, रेझिनची (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाची) जुळवणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या मात्र पुण्यात झाल्या. आराखडा तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. विहिरीची ओळख पटू नये म्हणून खोलीचे आणि दाबाचे काही आकडे थोडे बदलले आहेत. पण त्यांचा एकमेकांशी असलेला हिशेब बिघडू दिलेला नाही, कारण या प्रकरणातील सगळे शिकण्यासारखे त्या हिशेबातच आहे. दाबाचे आकडे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहेत आणि क्षेत्रावर बोलतात त्याप्रमाणे पुढे त्यांना नुसते 'किलो' म्हटले आहे.

परिस्थिती

विहिरीत ९०० मीटरपर्यंत ९ ५/८ इंची केसिंग, म्हणजे विहिरीला आतून आधार देणारा पोलादी नळ, आहे आणि त्याच्या आत १,९०० मीटरपर्यंत साडेपाच इंची उत्पादन केसिंग आहे. साडेपाच इंचीच्या मागे भरलेल्या सिमेंटचा माथा ६४० मीटरवर आहे, म्हणजे तो ९ ५/८ इंची केसिंगच्या आत येतो. त्याच्या वर पृष्ठभागापर्यंत विहीर खोदतानाचा जुना मड, म्हणजे चिखलासारखा जड द्रव, तसाच राहिलेला आहे. या दोन केसिंगमधल्या कंकणाकार पोकळीला क्षेत्रावर 'बी ॲन्युलस' म्हणतात. सर्वात आतली ट्यूबिंग (वायू वर आणणारा नळ) आणि साडेपाच इंची केसिंग यांच्यामधली पोकळी ती 'ए'.

बी ॲन्युलसच्या गेजवर ४२ किलो दाब दिसत होता. अर्धा इंची नीडल व्हॉल्व्ह उघडला की वायू सुटे, तासाभरात दाब शून्यावर येई आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर दीड दिवसात पुन्हा ४२ वर जाऊन थांबे. उत्पादन सुरू झाल्यावर विहीर तापते, पोकळीतला द्रव फुगतो आणि दाब दिसू लागतो, असे पुष्कळ विहिरींत घडते. तो दाब एकदा सोडला की परत येत नाही. इथे तो परत येत होता आणि प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर थांबत होता. याचा अर्थ खाली कुठेतरी एक जिवंत स्रोत होता आणि तिथून वर येण्याची वाटही खुली होती.

ही अवस्था दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या हद्दीतील मेक्सिकोच्या आखातात २००० च्या सुमारास झालेल्या पाहणीत ८,००० हून अधिक विहिरींमध्ये असा कायम परतणारा दाब आढळला होता, आणि त्याचे व्यवस्थापन कसे करावे यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये आरपी-९० ही मार्गदर्शिका काढली. असा दाब असलेली प्रत्येक विहीर तातडीने दुरुस्त करावी, असे ती मार्गदर्शिका म्हणत नाही. दाब केसिंगच्या ताकदीच्या मानाने किती आहे आणि तो सोडता येतो का, यावर ती निर्णय ठेवते. आमच्या विहिरीचे ९ ५/८ इंची केसिंग जे-५५ प्रतीचे आणि फुटाला ३६ पौंड वजनाचे होते. त्याची फुटण्याची मर्यादा ३,५२० पीएसआय, म्हणजे साधारण २४७ किलो. ४२ किलो हा त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे केसिंग फुटण्याची भीती नव्हती.

तरीही दुरुस्ती करावी असे मत पडले आणि ते मला आजही योग्य वाटते. ९ ५/८ इंची केसिंग ९०० मीटरवर संपते. वायूची वाट त्या टोकाशेजारून जात असेल, तर तो आतल्या बाजूने गेजपर्यंत चढेल तसाच बाहेरच्या बाजूने खडकातूनही वर सरकू शकतो, आणि त्या दुसऱ्या वाटेवर कोणतेही गेज नसते. विहिरीभोवती कापसाची शेते आहेत आणि शेतांत कूपनलिका आहेत. शिवाय दर वेळी दाब सोडणे म्हणजे मिथेन हवेत सोडणे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो. केसिंग टिकते आहे एवढ्यावर समाधान मानून तो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघडत राहणे हा माझ्या मते पर्याय नव्हता.

वायू कुठून येत होता

दुरुस्तीच्या चर्चेत सगळ्यांना आधी पदार्थावर बोलायचे असते. कोणते रेझिन, कोणत्या प्रतीचे, किती ताकदीचे. या प्रकरणात मात्र सर्वात जास्त वेळ वायूची वाट शोधण्यात गेला आणि पुढे जे साधले ते त्यामुळेच साधले.

पहिला पुरावा साध्या बेरजेतून मिळाला. पृष्ठभागावर ४२ किलो दाब. त्याखाली ६४० मीटरपर्यंत पाण्याच्या १.१५ पट घनतेचा मड आहे, त्याचा भार सुमारे ७४ किलो. तिथून खाली सिमेंटमागच्या फटीत वायूचा स्तंभ आहे, पण वायू हलका असल्याने पाचेकशे मीटरलाही त्याचे वजन ४ किलोच्या आसपासच भरते. एकूण झाले १२० किलो. म्हणजे स्रोताचा दाब १२० च्या जवळपास असायला हवा. मुख्य उत्पादक थर १,८०० मीटरच्या खाली आहे, पण इतक्या वर्षांच्या उत्पादनानंतर त्याचा दाब ९० किलोपर्यंत उतरलेला होता. ९० किलोच्या थराला हा स्तंभ पेलवणारच नाही. खोदकामाच्या जुन्या नोंदींत मात्र १,१८० मीटरवर वायूचा एक पातळ वाळूथर नोंदलेला सापडला. तो उत्पादनासाठी कधीच उघडला गेला नव्हता, आणि तेवढ्या खोलीवरच्या पाण्याच्या स्तंभाइतकाच त्याचा दाब होता : ११८ ते १२०.

वायूच्या पृथक्करणानेही तेच सांगितले. उत्पादक थराच्या वायूबरोबर प्रोपेन, ब्युटेन आणि थोडे कंडेन्सेट (हलके द्रव तेल) येते. बी ॲन्युलसमधला वायू जवळजवळ निव्वळ मिथेन होता. त्यानंतर वर्कओव्हर रिग, म्हणजे दुरुस्तीचा मनोरा, लावून ट्यूबिंग बाहेर काढल्यावर घेतलेल्या तापमान लॉगमध्ये, म्हणजे खोलीनुसार तापमानाच्या नोंदीत, १,१८० मीटरच्या जरा वर तापमानाची रेषा किंचित आत वळलेली दिसली. वायू अरुंद जागेतून बाहेर पडून फुगला की थंड होतो, त्याची ती खूण होती. ध्वनी लॉगमध्येही त्याच ठिकाणी सळसळ उमटली.

स्रोत कळला, पण वाट कशी आहे हे अजून कळायचे होते. सिमेंटमध्ये पोकळ नाळ राहिली आहे, की सिमेंट चांगले आहे आणि पोलादापासून फक्त सुटले आहे? या दोन रोगांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून सिमेंट पोलादाला किती धरून आहे हे दाखवणारा सिमेंट बाँड लॉग दोनदा घेतला, एकदा केसिंगमध्ये दाब न देता आणि एकदा आत ७० किलो दाब ठेवून. दाब नसताना लॉग वाईट दिसत होता. दाब दिल्यावर केसिंग केसभर फुगले, मागच्या सिमेंटला टेकले आणि त्याच लांबीत लॉग बराच सुधारला. नाळ असती तर दाबाने फरक पडला नसता. फरक पडला म्हणजे सिमेंट आणि पोलाद यांच्यात केसाच्या जाडीची फट पडलेली होती. तिला मायक्रोॲन्युलस म्हणतात. ती का पडली याचा अंदाजही नोंदींतून बांधता आला. सिमेंट भरताना केसिंगमध्ये जड मड होता, सिमेंट आवळल्यावर तो काढून हलके खारे पाणी भरले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे दाबाच्या चाचण्या होत राहिल्या. केसिंग दर वेळी फुगले आणि आक्रसले. सिमेंटला तसे लवता येत नाही.

सिमेंट का नको

क्षेत्रावरच्या वरिष्ठ अभियंत्यांचा पहिला कल सिमेंट स्क्वीझकडेच, म्हणजे दाबाने फटीत सिमेंट भरण्याकडेच, होता. वर्षानुवर्षे हाताखालची पद्धत, साहित्य स्वस्त, माणसे तयार. त्यांच्या या मताला वजन होते, म्हणून त्याचे उत्तर मोजमापानेच द्यावे असे ठरले.

वाळूथराच्या ६० मीटर वर, १,१२० मीटरवर, घट्ट शेलचा (चिकणमातीच्या खडकाचा) थर आहे. तिथे साडेपाच इंची केसिंगला एक मीटर लांबीत छिद्रे पाडली, खाली १,१३० मीटरवर ब्रिज प्लग, म्हणजे केसिंग आतून बंद करणारा बूच, बसवला आणि छिद्रांमधून खारे पाणी आत जाते का ते पाहिले. पृष्ठभागावर ६० किलो दाब ठेवला तेव्हा मिनिटाला जेमतेम ३ लिटर पाणी जात होते. दाब याहून फार वाढवण्याची मुभा नव्हती. त्या खोलीवरचा खडक १.७५ घनतेच्या स्तंभाइतक्या दाबाला तडकतो असे जुन्या लीक-ऑफ चाचणीत दिसले होते, आणि विहिरीतील द्रवाचे वजन धरता पृष्ठभागावरून ७५ किलोच्या पुढे जाणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली नवी भेग पाडणे झाले असते.

सिमेंट स्क्वीझ नीट व्हायचा तर मिनिटाला ऐंशी-शंभर लिटर तरी जायला हवेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३ लिटर आणि ८० लिटर यांतला फरक पंप बदलून भरून निघत नाही. विहिरीच्या सिमेंटचे मोठे कण १०० मायक्रॉनपर्यंत असतात. आमच्या फटीची रुंदी, दाब आणि प्रवाह यांच्या हिशेबाने, दीडशे ते दोनशे मायक्रॉन येत होती. अशा फटीच्या तोंडाशी दोन-तीन मोठे कण एकमेकांना अडून कमान धरतात, मागचे पाणी गाळून पुढे निघून जाते आणि छिद्रांपाशीच सिमेंटचा कोरडा बूच बसतो. वरून पाहणाऱ्याला दाब चढलेला दिसतो, काम झाले असे वाटते, आणि फट आत जशीच्या तशी मोकळी राहते.

अतिसूक्ष्म सिमेंटचा पर्यायही चर्चेत आला आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता. त्याचे बहुतेक कण १० ते १५ मायक्रॉनच्या आत असतात, म्हणजे आमच्या फटीत ते शिरले असते. पण फट सगळीकडे सारख्या रुंदीची नसते. जिथे ती निम्मी किंवा पाव होते तिथे पुन्हा तोच धोका होता. त्याहून मोठी अडचण कारणाची होती. केसिंगच्या फुगण्या-आक्रसण्याने जुने सिमेंट सुटले होते आणि विहीर चालू राहणार म्हणजे ते फुगणे-आक्रसणेही चालू राहणार. तिथे पुन्हा तसाच ताठर पदार्थ भरला तर फट काही वर्षांनी परत पडण्याचीच शक्यता जास्त. इपॉक्सी रेझिनमध्ये कण नसतात, ते पोलादाला चिकटते आणि सिमेंटपेक्षा काही पटींनी अधिक लवचीक असते. दाबाखालची ताकद तर त्याची सिमेंटहून जास्तच असते, पण या निर्णयात ताकदीला फारसे महत्त्व नव्हते. फटीतल्या पदार्थाला भार पेलायचा नव्हता, फक्त शिरायचे होते आणि चिकटून राहायचे होते.

वरून, बी ॲन्युलसच्या व्हॉल्व्हमधूनच जड रेझिन ओतून ते सिमेंटच्या माथ्यावर बसू द्यावे, असाही एक मार्ग आहे. त्यात उत्पादन केसिंगला छिद्रे पाडावी लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण तो छिद्रे पाडण्याआधीच बाद झाला होता. दशकानुदशके हालचाल न झालेला मड मधेमधे थिजून बसलेला असतो. त्यातून रेझिन ६४० मीटर खाली उतरेल याची खात्री नव्हती, आणि उतरले असते तरी ९ ५/८ इंची केसिंगच्या टोकाजवळून जाणारी वाट बंद झाली नसती. तो टोकाचा प्रश्न आम्हाला वाळूथराच्या जितका जवळ सोडवता येईल तितका हवा होता.

भोसरीतील काम

रेझिनची जुळवणी भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या प्रयोगशाळेत झाली. पुण्याच्या परिसरात वाहनउद्योगामुळे रंग, लेप आणि चिकटद्रव्ये बनवणाऱ्यांची कमतरता नाही, आणि इपॉक्सी हाताळणारी जाणती माणसे इथे मिळतात. विहिरीचे काम मात्र लेपाच्या कामाहून वेगळे. लेप लवकर वाळावा अशी अपेक्षा असते; इथे तो हजार मीटर खाली पोहोचेपर्यंत पातळ राहायला हवा आणि पोहोचल्यावर घट्ट व्हायला हवा.

मूळ द्रव इपॉक्सीची दाटी २५ अंशांना ११,००० ते १४,००० सेंटिपॉइज असते, म्हणजे पाण्याच्या हजारो पट. प्रतिक्रियेत स्वतः सामील होणारे विरलक (पातळ करणारे द्रव) घालून ती काही शेकड्यांवर आणली. साधे द्रावक घातले असते तर ते नंतर उडून गेले असते आणि रेझिन आकसले असते, म्हणून विरलकाची निवड महत्त्वाची होती. १,१२० मीटरवर लॉगने ७४ अंश तापमान दाखवले होते. तिथे हीच दाटी आणखी उतरून चाळीसच्या आसपास येत होती. रेझिन घट्ट करणारा हार्डनर म्हणून सावकाश चालणारे अमाइन घेतले. सिमेंटसाठी वापरतात त्याच कन्सिस्टोमीटरमध्ये, ७४ अंशांना आणि विहिरीतल्या दाबाखाली, मिश्रण साडेपाच तास पंप करण्याजोगे राहिले.

इथे एक बारकावा होता. खारे पाणी फिरवल्यावर विहीर थंड होते आणि रेझिन पोहोचते तेव्हा तळाशी ७४ अंश नसतात, साठ-पासष्ट असू शकतात. तापमान १० अंशांनी बदलले की प्रतिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून ६२ अंशांना आणि ८० अंशांनाही चाचण्या घेतल्या. ८० अंशांनाही साडेतीन तासांहून अधिक वेळ मिळाला आणि ६२ अंशांना दोन दिवसांत पूर्ण घट्टपणा आला, तेव्हाच ते सूत्र मान्य झाले.

मग ड्रमांची गोष्ट. मूळ इपॉक्सी हिवाळ्याच्या आधी येऊन पडलेली होती. भोसरीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि गोदामाचा पत्रा रात्रभर गारठलेला असतो. माल निघण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी प्रत्येक ड्रमच्या तळातून नमुना काढून काचेच्या बाटलीत घेतला आणि बाटली खिडकीकडे धरून तिरपी केली. एका बाटलीत काकवीसारखे जाड झालेले द्रव काचेवरून हळू उतरत होते आणि त्यामागे पांढुरकी, रवाळ छटा राहत होती. इपॉक्सी थंडीत स्फटिकते, ती ही अवस्था. गोदाम सांभाळणारे ज्येष्ठ सहकारी शेजारीच उभे होते.

"काका, हा ड्रम बाजूला घ्या. याला साठ अंशांवर शेक द्यावा लागेल."

"मॅडम, वर तर स्वच्छ दिसतंय. गाडी दुपारी निघायची आहे."

"वरचं नका बघू, तळाचं बघा. खडे राहिले तर खाली सिमेंटसारखंच अडकून बसेल. गाडी उद्या निघू दे."

गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. ड्रम गरम खोलीत ठेवून, ढवळून, बाटलीतला नमुना पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबले आणि मग सगळेच द्रव बारीक जाळीतून गाळून नव्या ड्रमांत भरले. सिमेंट नाकारून रेझिन निवडण्याचे एक मोठे कारण ते कणविरहित आहे हे होते. तेच रेझिन खडे पडलेल्या अवस्थेत विहिरीवर गेले असते तर एवढ्या सगळ्या निदानावर पाणी फिरले असते. या कामात कोणाचे श्रेय मोठे असे मला विचारले, तर मी त्या तिरप्या बाटलीकडे बोट दाखवीन.

विहिरीवर

रेझिन विहिरीत कुठे बसेल हे घनतेवर ठरते. आमचे रेझिन १.१३ घनतेचे होते. त्याला आणखी जड करायचे तर बेराइटची पूड घालावी लागली असती, म्हणजे पुन्हा कण. म्हणून खाऱ्या पाण्याचीच घनता त्याच्या खाली ठेवायची होती. ते जास्त जड असते तर रेझिन छिद्रांसमोर न थांबता वर तरंगले असते. पण पाणी फार हलके करूनही चालणार नव्हते, कारण छिद्रांमागे वायू साधारण ११९ किलो दाबाने उभा होता. १.०५ घनतेच्या पाण्याचा स्तंभ तिथे ११८ च्या आतच भरतो. १.०८ चा १२१ भरतो. म्हणून १.०८ हाच आकडा ठरला. वायूवर दोन किलोंची आघाडी आणि रेझिनपेक्षा किंचित हलके, एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ते बसत होते. विहीर उसळलीच तर तिचे तोंड बंद करणारा ब्लोआउट प्रिव्हेंटर अर्थातच बसवलेला होता आणि दर तासाला पाण्याची घनता मोजली जात होती.

आधी साबणासारखे सरफॅक्टंट मिसळलेले खारे पाणी तासाभर छिद्रांमधून आत सोडले, जेणेकरून फटीतल्या पोलादावरची जुन्या मडाची साय निघावी. रेझिन ओल्या पोलादाला बऱ्यापैकी धरते, तेलकट पोलादाला नीट धरत नाही. १५०-२०० मायक्रॉनच्या फटीत धुणे किती झाले हे कोणालाच पाहता येत नाही. मात्र त्या तासात पाणी जाण्याचा वेग ३ लिटरवरून थोडा वाढला, एवढी नोंद झाली.

मिश्रण पहाट होण्यापूर्वी केले. गुजरातेतल्या उन्हात पोलादी टाकी दहा वाजताच हात लावू देईनाशी होते, आणि इपॉक्सी घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडते. थोड्या द्रवातली उष्णता निघून जाते. शेकडो लिटर एकत्र असले की ती आतच साठते आणि प्रतिक्रियेला आणखी वेग देते. म्हणून हार्डनर शेवटच्या क्षणी घातला, टाकीतले तापमान सतत पाहिले गेले आणि ते ४५ अंशांवर गेल्यास माल विहिरीत न सोडता बाहेर काढायचा, असे आधीच लेखी ठरले होते. ते ३४ च्या वर गेले नाही. अमाइनमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय टाकीजवळ कोणालाही उभे राहू दिले नाही.

एकूण ३६५ लिटर रेझिन तयार केले. साडेपाच इंची केसिंगमध्ये मीटरला साधारण १२ लिटर मावतात, म्हणजे ब्रिज प्लगपासून वर १,१०० मीटरपर्यंत ३० मीटरचा स्तंभ. त्याच्या पुढे-मागे स्पेसर (रेझिन आणि पाणी वेगळे ठेवणारा द्रव), मग खारे पाणी. ट्यूबिंगमधून ते तळाशी पोहोचवले, ट्यूबिंग सावकाश रेझिनच्या वर ओढून घेतली, धुऊन काढली आणि मग पृष्ठभागावरून दाब द्यायला सुरुवात केली. सिमेंटमध्ये दाब देऊन थांबण्याची, पुन्हा देण्याची पद्धत असते, कारण सिमेंटमधले पाणी गाळून जावे लागते. रेझिनमधून काहीही गाळून जायचे नसते, म्हणून दाब ६० किलोवर एकसारखा धरून ठेवला.

पहिल्या अर्ध्या तासात १० लिटर गेले. पुढच्या दोन तासांत मिळून १२. त्यानंतर पंपाचा काटा जागचा हलेना. एकूण २२ लिटर. ३६५ लिटर तयार करून २२ आत गेले हे ऐकून क्षेत्रावरून पुण्याला फोन आला. "सर, एवढंच गेलंय. काम झालं म्हणायचं का?" त्याचे उत्तर भूमितीत आहे. साडेपाच इंची केसिंगचा घेर सुमारे ४४ सेंटिमीटर. त्याभोवती ०.२ मिलिमीटरची फट धरली तर मीटरभर उंचीत ९० मिलिलिटरही मावत नाहीत. १०० मीटर उंचीची फट ९ लिटरच्या आत भरते. २२ लिटर म्हणजे, फट त्याच रुंदीची असेल तर, वरखाली मिळून दोनशे मीटरहून जास्त लांबी भरली. ती कुठे रुंद आणि कुठे अरुंद असणार, त्यामुळे हा आकडा शब्दशः घेता येत नाही. पण २ लिटर गेले असते तर रेझिन छिद्रांपाशीच अडकले असे म्हणावे लागले असते, आणि २०० गेले असते तर खडक फुटला असे. २२ हा फटीच्या अंदाजाशी जुळणारा आकडा होता.

दाब तसाच धरून दोन दिवस विहीर बंद ठेवली. त्याच मिश्रणाच्या बाटल्या भोसरीत ७४ अंशांच्या भट्टीत ठेवल्या होत्या. त्या दगडासारख्या झाल्या आणि दाबयंत्राखाली त्यांची ताकद ७० मेगापास्कलच्या वर भरली. मग केसिंगमधले रेझिन मिलिंग करून काढले, छिद्रांवर आतून १०० किलो दाब देऊन अर्धा तास पाहिले, आणि त्यानंतर विहिरीतील पाण्याची पातळी खाली ओढून उलट्या दिशेनेही पाहिले. दोन्ही वेळा काटा स्थिर राहिला. उलटी चाचणी मला जास्त मोलाची वाटते, कारण वायू ज्या दिशेने ढकलतो त्याच दिशेने ती ढकलते. शेवटी ब्रिज प्लग काढला आणि ट्यूबिंग व तिच्याभोवतीची पोकळी बंद करणारा पॅकर परत बसवला. पॅकर या छिद्रांच्या बराच खाली येतो, त्यामुळे छिद्रे 'ए' ॲन्युलसच्या देखरेखीखाली राहतात.

नंतरचे महिने

बी ॲन्युलसचा दाब सोडून व्हॉल्व्ह बंद केला. पूर्वी दीड दिवसात ४२ किलो भरत असत. या वेळी दीड दिवसानंतर शून्य होते, आठवड्यानंतरही शून्य. मग गेज हलले. दोन आठवड्यांनी ३ किलो दिसले आणि महिनाअखेर ७.

वायू पृथक्करणाला पाठवला तेव्हा तो पूर्वीचाच, जवळजवळ निव्वळ मिथेन निघाला. काही जणांच्या मते दुरुस्ती फसली होती आणि रिग निघून जाण्याआधीच दुसरा स्क्वीझ करायला हवा होता. पण स्रोत चालू असेल तर दाब चढत-चढत पूर्वीच्याच मर्यादेला जाऊन टेकायला हवा, आणि एकदा सोडल्यावर त्याच वेगाने परतायला हवा. छिद्रांच्या वर सिमेंटच्या माथ्यापर्यंत ४८० मीटर फट आहे. त्यातल्या बऱ्याच भागात रेझिन पोहोचलेले नाही आणि तिथे जुना वायू कोंडलेला आहे. त्यावर ६४० मीटर मड आहे, त्यातही बुडबुडे अडकलेले असणार. स्रोत तुटल्यावरही हा शिल्लक वायू सावकाश वर येत राहणार. म्हणून पुन्हा छिद्रे न पाडता दाब सोडून वाट पाहायची, असे ठरले. दुसऱ्या खेपेला ४ किलोवर थांबायला सहा आठवडे लागले. तिसऱ्या खेपेला तेवढ्याच अवधीत दीड किलो भरला. दर वेळी सुटणारा वायूही कमी होत गेला. शिल्लक वायू संपत आल्याची चिन्हे अशीच असतात.

वर्षभरानंतर गेज एक किलोच्या खाली आहे. एवढ्यावरून दुरुस्ती पक्की झाली असे मी लिहिणार नाही. उत्पादन केसिंगला पाडलेली छिद्रे आता केवळ रेझिनच्या भरवशावर बंद आहेत आणि ही या पद्धतीची खरी किंमत आहे. धड असलेल्या केसिंगला आम्ही स्वतः भोके पाडली. त्यामुळे 'ए' ॲन्युलसवरही आता तितकेच लक्ष ठेवावे लागते. कंपनीने दोन्ही पोकळ्यांच्या दाबाची दैनंदिन नोंद आणि पुढच्या वर्कओव्हरच्या वेळी बाँड लॉगची दुहेरी फेरी, दाबासह आणि दाबाविना, अशी योजना मान्य केली आहे. त्या लॉगमध्ये १,०५० ते १,१८० मीटरच्या पट्ट्यातील दोन रेषा एकमेकींवर बसल्या, तर केसिंग आणि सिमेंट पुन्हा एक झाले असे म्हणता येईल. त्या दूर सरकलेल्या दिसल्या, तर रेझिन तिथे नक्की कुठपर्यंत पोहोचले होते याचा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल. त्यासाठी लागणाऱ्या दुरुस्तीपूर्वीच्या दोन्ही लॉग-पट्ट्या आणि त्या दिवशीच्या मिश्रणाच्या बाटल्या भोसरीत जपून ठेवल्या आहेत.